शंभराचा बल्ब

मतदानाच्या दिवशी चेअरमन पांढरा शर्ट घालत. सवय अण्णांची, म्हणजे त्यांच्या वडिलांची. फरक एवढाच, की अण्णांकडे पांढरा शर्ट एकच होता. चेअरमनकडे बरेच होते आणि त्यातला सगळ्यात साधा कुठला दिसतो हे ठरवण्यात अर्धी सकाळ जाई.

"हा बरा आहे ना?" स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं.

"बरा आहे," बायको म्हणाली. तिची पाठ दाराकडे होती.

"तू बघितलासुद्धा नाहीस."

"लग्नापासून बघतेय. सगळे बरे आहेत."

चेअरमननी हे कौतुक म्हणून घेतलं. कुठलंही बोलणं कौतुक म्हणून घ्यायची हातोटी त्यांच्याकडे होती. गावच्या वीज संस्थेची खुर्ची इतकी वर्षं टिकली ती बरीचशी त्या हातोटीवर.

"मागची खोली रिकामी केलीस?"

"होईल."

"चार दिवस झाले सांगून. संध्याकाळी ताईला सांगावं लागेल. हरल्यावर माणूस खचतो, तेव्हा लगेच आधार दिलेला बरा."

मागच्या खोलीत बायको दुपारची दार लावून पडत असे. त्या खोलीत ताई राहायला येणार, हे चेअरमननी जेवताना जाहीर केलं होतं, मीठ मागावं तशा आवाजात. बरोबरच होतं म्हणा. आज ठराव पास झाला की वीज कंपनीची लाइन गावात येणार होती. कंपनीची अट अशी, की गावचं पॉवरहाऊस बंद करायचं आणि टर्बाईन भंगारात काढायचं. पॉवरहाऊसला चिकटून दोन खोल्या होत्या, त्याही पाडायच्या. त्या दोन खोल्यांत चेअरमनची सख्खी बहीण एकटी राहत होती आणि अण्णा गेल्यापासून टर्बाईन चालवत होती. अण्णांनी चावी मुलीच्या हातात दिली, कारण थोरला मुलगा ड्यूटीवर भाषण करायचा आणि धाकटा झोपायचा.

"ताईंना विचारलंत, आमच्याकडे राहणार का म्हणून?" बायकोने विचारलं.

"त्यात विचारायचं काय? आनंदच होईल तिला."

बायको काही बोलली नाही. चेअरमननी हेही कौतुक म्हणून घेतलं.

अंगणातून सून आली. ती आणि मुलगा पलीकडच्या घरात वेगळे राहत. मुलगा नोकरीला बाहेरगावी, त्यामुळे त्या घराचं मताचं बटण सुनेच्या हातात. ती केक करून विकायची. आत्ता तिच्या हातातल्या केकचा मधला भाग विहिरीसारखा खाली गेला होता.

"काल संध्याकाळी पुन्हा व्होल्टेज उतरलं," ती म्हणाली. "हा घरीच खा. गिऱ्हाइकाला दाखवायची लाज वाटते."

"शेवटचा बसका केक," चेअरमन प्रसन्नपणे म्हणाले. "आजपासून फुगतील."

सुनेने सासूकडे बघितलं. सासू केकच्या खड्ड्यात बोट घालून चव बघत होती.

"चवीला बरा आहे," सासू म्हणाली.

या गावात मत द्यायची पद्धत अण्णांची होती. डोंगरातला ओढा कालव्यात वळवून, ते पाणी मोठ्या पाइपातून खाली सोडून त्यांनी गावासाठी वीज काढली, आणि पहिल्याच सभेत त्यांच्या लक्षात आलं, की हात वर करण्याआधी प्रत्येक माणूस आपल्या मेव्हण्याकडे बघतो. हातांवर भरवसा नाही म्हटल्यावर त्यांनी विजेवर ठेवला. दर घराला संस्थेतर्फे शंभर वॅटचा एक बल्ब, पितळी टोपीवर तांबडा ठिपका दिलेला. मतदानाच्या दुपारी गावातलं सगळं बंद करायचं. पॉवरहाऊसचा भोंगा एकदा वाजला, की ज्यांना बदल हवा त्यांनी आपापल्या आतल्या खोलीत, खिडक्या लावून, तो बल्ब पेटवायचा. दोनदा वाजला, की ज्यांना नको त्यांनी. पॉवरहाऊसमधल्या मीटरवर एक रेघ म्हणजे एक बल्ब. काटा सांगेल तो निकाल. एका घराचं एक मत. सारखं पडलं तर आहे ते चालू. आणि बल्ब संस्थेचा नसेल तर मत नाही.

असे बल्ब आता बाजारात मिळत नव्हते. लोक ते लोकरीच्या टोपीत गुंडाळून कपाटात ठेवत, आणि घरात लहान मूल असेल तर कुलपात.

चेअरमनच्या घरी बल्ब काढणं, पुसणं आणि होल्डरला लावणं हे काम बायकोचं. बटण दाबणं चेअरमनचं.

भोंगा एकदा वाजला. चेअरमननी आतल्या खोलीत जाऊन बटण दाबलं. भिंतीवरच्या फोटोतले अण्णा पिवळट उजेडात दिसले, नेहमीपेक्षा जरा आजारी. चेअरमननी वर बल्बकडे बघितलं आणि जीभ टाळ्याला लावून आवाज केला.

"बघ," ते दाराबाहेर उभ्या बायकोला म्हणाले. "मतदानाच्या दिवशीसुद्धा धड लाइट देता येत नाही तिला. मिणमिणतोय नुसता."

"हो का," बायको म्हणाली.

*

धाकटा भाऊ कपडे शिवायचा. गावात त्याला टेलर म्हणत आणि घरात काहीच म्हणत नसत, कारण हाक मारायच्या आत तो समोरच्याशी सहमत झालेला असे. म्हणूनच दर मतदानाला पॉवरहाऊसमध्ये साक्षीदार म्हणून दोन्ही बाजू त्यालाच पाठवत. घरचं बटण त्याची बायको दाबायची. कुठल्या भोंग्याला, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

ताई मीटरसमोर स्टुलावर बसली होती. उंच, सडपातळ, पाठ ताठ. गावातली पोरं तिला मागून काटा म्हणत आणि तिला ते माहीत होतं. मागे टर्बाईन घरघरत होतं. कोपऱ्यात तिची कॉट, कॉटवर पत्त्यांचा जोड. उन्हं उतरल्यावर थोरली वहिनी आली की दोघी पत्ते खेळत, बहुतेक न बोलता.

भोंगा वाजवून ताईने हात मांडीवर ठेवला. काटा उठला. सात, दहा, बारा. चौदावर घुटमळला, जरा पुढे सरकला आणि थांबला.

"पंधरा?" टेलर म्हणाला.

"नीट बघ."

त्याने चष्मा वर केला. काटा चौदाच्या पुढे होता, पण पंधराला पोचला नव्हता. दोन रेघांच्या मधल्या जागेत, अर्ध्याच्या जरा आत.

"थरथरत असेल."

"काटा थरथरत नाही. तू थरथरतोयस."

तिने पाटीवर लिहिलं: चौदा आणि थोडं. मग भोंगा दोनदा वाजवला. काटा खाली जाऊन पुन्हा उठला आणि या वेळी चौदाच्या रेघेवर असा बसला, की जणू ती रेघ त्याच्यासाठीच काढली होती.

टेलरने बोटांवर हिशेब केला. गावात घरं एकोणतीस. ताईच्या क्वार्टरला मत नाही. काटा वाचणाऱ्याने मत द्यायचं नाही, हाही अण्णांचाच नियम.

"ताई," तो हळूच म्हणाला, "ते थोडं पुसून टाक."

"का?"

"चौदा-चौदा. सारखं पडलं तर चालू राहतं. मी साक्षीदार आहे ना? मला काही दिसलं नाही. तसंही मला लांबचं दिसत नाही, सगळ्या गावाला माहितीये."

ताईने मान वळवून खोलीवरून नजर फिरवली. कॉट, किटली, खुंटीवरचा रेनकोट, पत्ते. टेलरला वाटलं ती हो म्हणेल, आणि मग त्याला वाटलं, हो म्हणाली तर मी काय करीन.

"पत्त्यात मी फसवते," ताई म्हणाली. "इथे नाही. पाटी उचल."

*

निकाल चेअरमनच्या ओट्यावरून वाचायची पद्धत होती. अंगणात माणसं जमली होती. ताई पाटी घेऊन ओट्यावर चढली आणि जसं होतं तसं वाचलं.

अंगणातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग पिठाच्या गिरणीवाला म्हणाला, "थोडं म्हणजे?"

"थोडं म्हणजे चौदापेक्षा जास्त," चेअरमन म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, टाळ्या शांत करताना करतात तसे, जरी टाळ्या कोणी वाजवल्या नव्हत्या. "ठराव पास. आता कोणी मनात काही ठेवायचं नाही. ताईची व्यवस्था आमच्याकडे केलेली आहे."

"कसली व्यवस्था?" ताईने विचारलं.

"ते नंतर बोलू."

"दादा, एका घराचं एक मत असतं. थोडं मत कोणाचं असतं? कोणत्या तरी घरात संस्थेचा बल्ब नाही. पहिल्या फेरीत लागलेला खोटा बल्ब काढला तर चौदा-चौदा होतं."

"खोटा कशाला असेल? तुझी लाइन कमजोर." चेअरमनचा आवाज आता सभेचा झाला. "मंडळी, हेच तर मी वर्षभर सांगतोय. काटा पंधरावर का पोचला नाही? कारण व्होल्टेज उतरलं. मी स्वतः साक्षीदार आहे. माझ्या घरात बल्ब असा मिणमिणत होता, की अण्णांचा फोटो ओळखू येईना. हिच्या नाकर्तेपणामुळे आपलं पंधरावं मत वाटेत सांडलं."

सून दारात उभी होती. सासऱ्याचं म्हणणं तिला पटलं. पटणारच, तिचे केक त्याच वाटेत सांडत होते. मग तिला आठवलं, की पहिल्या भोंग्याला तिच्या आतल्या खोलीत इतका लख्ख उजेड पडला होता, की कोपऱ्यातली जळमटं दिसली आणि तिने पडद्याच्या काठीने ती काढली. पण हे बोलायचं कसं? पहिल्या भोंग्याला दिवा पेटला असं म्हणायचं म्हणजे मत कुठे दिलं ते सांगायचं.

ताईलाही ती अडचण दिसली असावी. ती म्हणाली, "कोणी कुठल्या फेरीला पेटवला ते सांगू नका. फक्त एवढं सांगा, आज कोणाच्या घरी दिवा मंद लागला?"

अंगणात माना हलल्या. नाही. आमच्याकडे लख्ख. आमच्याकडेही. गिरणीवाला म्हणाला, त्याच्या बायकोने तेवढ्यात सुईत दोरा ओवून घेतला.

"मंद फक्त तुझ्याकडे लागला, दादा," ताई म्हणाली.

आता थांबायला हवं होतं हे चेअरमन सोडून सगळ्यांना कळलं. टेलरने तर त्यांची बाही धरली. पण चेअरमननी आयुष्यात भाषण अर्धवट सोडलं नव्हतं.

"मग या आणि बघा," ते म्हणाले. "एक नंबरचं कनेक्शन आहे हे. अण्णांच्या हाताने लावलेलं. या, या सगळे."

सगळे आत मावणार नव्हते. ताई, टेलर आणि गिरणीवाला गेले. सून मागून गेली, कारण आतल्या खोलीत स्टूल कुठे असतं ते तिला माहीत होतं. ताई स्टुलावर चढली, बल्ब काढला, पदराने पुसला आणि खिडकी उघडून उजेडात धरला.

"चाळीस," तिने वाचलं.

"काय चाळीस?"

"वॅट, दादा. चाळीसचा बल्ब आहे. बाजारातला."

"ठिपका बघ. टोपीवर ठिपका असेल."

"आहे," ताईने बल्ब फिरवला. "पण गुलाबी आहे."

सुनेने बोटं मुठीत मिटली. तो गुलाबी तिचा होता. नेलपॉलिशची बाटली गेल्या आठवड्यात ती इथेच विसरली होती, आणि या घराण्यात नखं रंगवणारी ती एकटी.

चेअरमनची नजर तिच्या हातांवर आली आणि तिथेच राहिली.

"तू," ते म्हणाले.

"बाबा, मी नाही."

"वेगळं व्हायचं होतं, होऊ दिलं. वेगळं कनेक्शन हवं होतं, दिलं. आणि माझ्याच घरात येऊन माझं मत कापलंस? ताईसाठी?"

"मला आत्यांचं पॉवरहाऊस कशाला हवंय? माझे केक बसतात त्यांच्यामुळे."

"मग मत कुठे दिलंस? सांग ना सगळ्यांसमोर."

"ते मी सांगितलं तर तुमच्याच वडिलांचा नियम मोडतो," सून म्हणाली. "तुम्हाला चालत असेल तर सांगते."

"मुलाला आजच फोन करतो," चेअरमन म्हणाले. "हे असलं या घरात..."

"तिला काही बोलू नका," दारातून आवाज आला.

चेअरमनची बायको हात पुसत उभी होती. मागे ओट्यावरची माणसं माना उंचावत होती. तिने दार लावून घेतलं नाही.

"बल्ब मी बदलला. बाटली इथे पडली होती, ठिपका मीच दिला. तांबडा मिळाला असता तर तांबडा दिला असता."

चेअरमननी आधी ताईकडे बघितलं, मग टेलरकडे, जणू हे वाक्य कोणीतरी दुसऱ्याने म्हटलं होतं आणि तो माणूस सापडायला हवा होता.

"शंभराचा फुटला का?" त्यांनी विचारलं. आवाजात आशा होती. "फुटला असेल तर सांगायचं. मी काही बोललो असतो का?"

"फुटला नाही. आहे, टोपीत."

"मग?"

"मग काही नाही. एका घराचं एक मत. या घरात माणसं दोन. इतकी वर्षं शंभरच्या शंभर तुम्ही दाबलेत. या वेळी तुमचे चाळीस तुम्ही द्या म्हटलं. माझे साठ मी ठेवून घेतले."

गिरणीवाल्याला खोकला आला. तो बाहेर जाऊन खोकला, आणि बाहेर गेल्यावर त्याने हे वाक्य अंगणाला सांगितलं असावं, कारण ओट्यावरून हशा आला. त्यात बायकांचे आवाज जास्त होते.

"निम्मे तरी द्यायचेस," टेलर नकळत बोलून गेला.

"पन्नासचा मिळाला नाही, भावजी."

ताई अजून स्टुलावरच होती. तिने बल्ब सांभाळून खिडकीत ठेवला.

"वहिनी, हे माझ्यासाठी करायला नको होतं," ती म्हणाली. "अशा रीतीने राहिलेलं पॉवरहाऊस मला नको."

"तुमच्यासाठी केलंच नाही. तुम्हाला ते मागची खोली देणार होते."

"कोणाला? मला?"

"कायमची. माझी दुपारची खोली." वहिनीने सरळ तिच्याकडे बघितलं. "राग मानू नका, ताई. मला तुम्ही आवडता. पण मैलभर लांब आवडता. रोज चालत येऊन तुमच्याशी पत्ते खेळीन. सकाळी उठून तुम्ही माझ्या डब्यांची झाकणं नीट लावलेली बघणं मला जमणार नाही."

ताई स्टुलावरून उतरली. ती रागावली आहे की नाही ते टेलरला कळेना, म्हणून तो दोन्हीसाठी तयार राहिला. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि अण्णांच्या मुलीला हसताना त्याने बऱ्याच वर्षांनी बघितलं.

"मी झाकणं नीट लावतेच," ती म्हणाली. "तुमची सगळी वाकडी असतात."

"बघितलंत?" वहिनी चेअरमनना म्हणाली.

ताईने डोळे पुसले आणि पाटी उचलली. हसू गेलं, चेहरा पुन्हा मीटरसमोरचा झाला. "नियमाप्रमाणे एक नंबरचं मत बाद. चौदा-चौदा. आहे ते चालू." ती दारात थांबली. "पण चौदा घरांना मी नको आहे, हेही आज वाचलं मी. ते थोडं नाही." ती सुनेकडे वळली. "ओव्हन कधी लावतेस ते आधी फोनवर सांगत जा. कालव्याची फळी जरा उचलून पाणी वाढवून ठेवत जाईन. एवढं आधी सुचायला हवं होतं मला."

"संध्याकाळी लावणार आहे," सून म्हणाली.

"मग जाते. पाणी भरून घेते."

*

अंगण रिकामं झालं. घराघरांतून पंखे सुरू झाल्याचे, मोटारींचे, रेडिओचे आवाज यायला लागले. टेलरने दोन्ही बाजूंचं बरोबर असल्याचं दादाला सांगितलं आणि जेवायला न थांबता सटकला.

चेअरमन पानावर बसले. पांढऱ्या शर्टावर भाजीचा डाग पडला. त्यांनी तो बघितला आणि तसाच राहू दिला. बायको समोर बसून जेवत होती, नेहमीसारखी, घाई न करता. तिने दुसऱ्यांदा भात वाढायला घेतला तेव्हा त्यांनी हाताने पुरे म्हटलं.

"समज," ते पानाकडे बघत म्हणाले, "मी विचारलं असतं. चार दिवसांपूर्वी. खोलीचंही, मताचंही."

"हं."

"तर काय सांगितलं असतंस?"

तिने घास गिळला, पाणी प्यायलं आणि खरंच विचार केला. ते तिच्याकडे बघत होते.

"कंपनीची लाइन बरी, असंच म्हटलं असतं बहुतेक," ती म्हणाली. "ताईंना दुसरीकडे कुठेतरी दोन खोल्या बघा म्हटलं असतं, आणि शंभराचा बल्ब पुसून लावून दिला असता."

चेअरमननी पान पुढे सरकवलं. या वेळी त्यांना ते कौतुक म्हणून घेता आलं नाही.

ती उठली, खिडकीतला चाळीसचा बल्ब आतल्या खोलीच्या होल्डरला परत लावला आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून पडली.